गच्चीवरचा सोलर पंपाशिवाय चालतो कसा? त्यामागचं गणित एका इंग्रज हेराने सोडवलं होतं

डिसेंबर-जानेवारीतली अकोले तालुक्यातली सकाळ काय चीज असते, हे भंडारदऱ्याला एक रात्र मुक्काम केलेल्यांना वेगळं सांगायला नको. (हे अकोले म्हणजे विदर्भातलं अकोला नव्हे. नगर जिल्ह्यातलं, आता अहिल्यानगर म्हणायचं त्या जिल्ह्यातलं अकोले. इथल्या माणसाला हा खुलासा आयुष्यभर करत राहावा लागतो.) एका अंगाला १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, दुसऱ्या अंगाला हरिश्चंद्रगड आणि मधे प्रवरेचं खोरं. पिंपातल्या पाण्यात हात घालवत नाही. मग परसात तांब्याचा बंब पेटतो, नाहीतर तीन दगडांच्या चुलीवर हंडा चढतो. गावातल्या बंगल्यांच्या आणि धरणाजवळच्या लॉजच्या गच्चीवर आता सोलरही दिसतो.

आता गंमत बघा. बहुतेक घरगुती सोलरला पंप नसतो. मोटर नसते, वायर नसते, बटण नसतं. तरी खालच्या पॅनलमध्ये तापलेलं पाणी आपोआप वरच्या टाकीत चढतं. दिवसभर ते फिरत राहतं. त्याला ढकलतं कोण?

बंबाचंही तसंच. जुन्या पद्धतीच्या बंबात एका बाजूच्या नरसाळ्यातून थंड पाणी ओतलं की दुसऱ्या बाजूच्या तोटीतून कढत पाणी बाहेर पडतं. दोन्ही पाणी एकाच भांड्यात, तरी आजीबाईंना कधी कोमट पाणी मिळालं नाही. ते मिसळत का नाही?

ही कोडी माणसं हजारो वर्षं वापरत होती, पण सोडवायच्या भानगडीत फारसं कुणी पडलं नव्हतं. ती नीट मांडून, प्रयोग करून सोडवणारा माणूस जन्माने अमेरिकन होता, कामाने इंग्रजांचा हेर होता, पदवीने जर्मन काउंट होता आणि त्याचा शेवट पॅरिसजवळ झाला. त्याचं नाव बेंजामिन थॉम्प्सन. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात तोफेला भोक पाडणारा एक काउंट रम्फर्ड भेटतो, तोच हा.

२६ मार्च १७५३ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न नावाच्या गावात, एका शेतकऱ्याच्या घरी तो जन्मला. अमेरिका तेव्हा देश नव्हता, इंग्रजांची वसाहत होती. पोराला कळायच्या आत वडील वारले. तेराव्या वर्षी त्याला सेलम गावातल्या एका व्यापाऱ्याच्या दुकानात कामाला लावलं. दुकानदारीत त्याचं मन कधी रमलं नाही. इंग्रजांनी एक नकोसा कर मागे घेतला म्हणून गावात आनंदोत्सव ठरला, तेव्हा या गड्याने घरच्या घरी दारू कुटून फटाके बनवायला घेतले. स्फोट झाला आणि चांगलाच भाजला. आग आणि उष्णता यांच्याशी त्याची ही पहिली ओळख म्हणायला हरकत नाही.

जवळच्या हार्वर्ड कॉलेजात विज्ञानाची व्याख्यानं व्हायची. ती ऐकायला तो लोअमी बाल्डविन या मित्राबरोबर मैलोनमैल चालत जायचा. फी भरून शिकायची ऐपत नव्हती.

१७७२ मध्ये तो न्यू हॅम्पशायरमधल्या कॉनकॉर्ड गावात मास्तर म्हणून गेला. या गावाचं जुनं नाव रम्फर्ड. हे नाव लक्षात ठेवा. तिथे सारा रोल्फ नावाच्या श्रीमंत विधवेशी त्याची गाठ पडली. तो १९ वर्षांचा, ती त्याच्याहून दहाहून अधिक वर्षांनी मोठी. लग्न झालं आणि कालचा मास्तर एका रात्रीत जमीनदार झाला. उंच, देखणा, बोलण्यात गोड. गव्हर्नरच्या नजरेत भरला आणि लष्कराचा काडीचा अनुभव नसताना थेट मेजर झाला. वर्षानुवर्षं नोकरी केलेले अधिकारी खार खाऊन राहिले, यात नवल नाही.

तेवढ्यात इंग्रजांविरुद्ध वातावरण तापलं. थॉम्प्सन सरकारच्या बाजूचा आहे अशी कुणकुण लागली आणि १७७४ च्या हिवाळ्यात जमाव त्याच्या घरावर चालून आला. तो आधीच पसार झाला होता. मागे राहिली बायको आणि काही आठवड्यांची तान्ही मुलगी. तिचं नावही सारा. पुढे त्याची चौकशी झाली, पण पुराव्याअभावी सुटला. पुरावा सापडणार तरी कसा? मे १७७५ मध्ये त्याने इंग्रजांना धाडलेलं पत्र अदृश्य शाईने लिहिलेलं होतं. वरवर पाहता साधा मजकूर, आणि मधल्या कोऱ्या जागेत बंडखोरांच्या सैन्याची खबर. ते पत्र इंग्रज सेनापतीच्या दप्तरात पडून राहिलं आणि विसाव्या शतकात अभ्यासकांच्या हाती लागलं.

१७७६ मध्ये इंग्रजांनी बॉस्टन सोडलं, तेव्हा हाही लंडनला निघून गेला. बायकोला त्यानंतर त्याने कधीही तोंड दाखवलं नाही. मुलीला पाहिलं, पण तब्बल वीस वर्षांनी.

लंडनमध्ये त्याने वसाहतींचा कारभार पाहणाऱ्या मंत्र्याची मर्जी मिळवली आणि काही वर्षांतच सरकारात उपसचिव झाला. फावल्या वेळात बंदुकीच्या दारूवर प्रयोग केले, त्यावर १७७९ मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळवलं. युद्धाच्या अखेरीला घोडदळाची तुकडी घेऊन तो अमेरिकेत परतला. तिथे लाँग आयलंडवरच्या हंटिंग्टन गावात त्याने जे केलं, ते तिथली माणसं आजही विसरलेली नाहीत. गावाच्या कबरस्तानात किल्ला बांधला आणि कबरींवरचे दगड उपटून सैनिकांच्या पावाच्या भट्ट्यांना वापरले.

एवढं वाचून या माणसाबद्दल मत वाईट झालं असेल, तर ते चूक नाही. पण त्याच्या आयुष्याचा दुसरा भाग बव्हेरियात सुरू होतो, आणि तो वेगळाच निघतो.

१७८४ मध्ये इंग्लंडच्या राजाने त्याला सर केलं आणि तो म्युनिकला, बव्हेरियाच्या राज्यकर्त्याच्या पदरी गेला. काम होतं लष्कर सुधारायचं. सैनिकांना पोटभर खायला नाही, कपडे विटके, पगार तुटपुंजा. थॉम्प्सनने विचार केला तो लष्करी अधिकाऱ्यासारखा नव्हे, एखाद्या काटकसरी गृहिणीसारखा. कमीत कमी पैशात माणसाला ऊब किती देता येईल? कमीत कमी लाकडात पोट किती भरता येईल?

ऊब म्हटल्यावर त्याने कापडं तपासायला घेतली. थर्मामीटरभोवती रेशीम, लोकर, कापूस, पिसं, केसाळ कातडं गुंडाळून कोणतं किती वेळात थंड होतं हे तो मोजत बसला. निष्कर्ष निघाला तो असा की ऊब लोकरीत नसते, लोकरीच्या धाग्यांत अडकलेल्या हवेत असते. हवा हलू दिली नाही की ती उष्णता बाहेर सोडत नाही. या कामाबद्दल १७९२ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिलं. आज सोलरच्या टाकीच्या दोन पत्र्यांमध्ये जो पिवळसर पफ भरतात, तो हेच काम करतो. फेसातल्या बारीक फुग्यांत कोंडलेला वायू हलत नाही, म्हणून काल दुपारी तापलेलं पाणी आज पहाटेही गरम मिळतं.

मग आले भिकारी. त्या काळी म्युनिकमध्ये भिकाऱ्यांची संख्या प्रचंड होती. १ जानेवारी १७९० रोजी, नेमकं दानधर्माच्या दिवशी, थॉम्प्सनने सैनिक आणि शहरातले अधिकारी बरोबर घेऊन सगळ्यांना पकडलं. पहिल्या भिकाऱ्याच्या खांद्यावर त्याने स्वतः हात ठेवला. त्यांना तुरुंगात न टाकता एका मोठ्या कारखान्यात नेलं. स्वच्छ जागा, काम करण्याइतकी ऊब आणि दुपारी गरम जेवण. बदल्यात सूत कातायचं, सैन्याचे कपडे शिवायचे. आजच्या नजरेने पाहिलं तर ही सक्तीच होती, त्यात गोड मानण्यासारखं काही नाही. पण त्याआधी त्या माणसांना थंडीत रस्त्यावर मरायची मोकळीक होती, एवढंच.

हजारावर माणसांना रोज जेवू घालायचं म्हणजे खर्च आला. त्याने जव, वाटाणे आणि बटाटे यांचं दाट सूप शोधून काढलं. बटाटा तेव्हा तिथल्या लोकांना जनावरांचं खाद्य वाटायचा, म्हणून सुरुवातीला तो ओळखू येणार नाही इतका गाळून, गुपचूप घातला. पण खरा खर्च धान्याचा नव्हता, लाकडाचा होता. इथे थॉम्प्सन पेटून उठला.

त्या काळचं युरोपातलं स्वयंपाकघर म्हणजे उघडी आग. भांडं वर टांगलेलं, ज्वाळा चारी बाजूंनी मोकळ्या, धूर घरभर. अकोल्याच्या डोंगरवाड्यांत तीन दगडांची चूल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चित्र परकं नाही. थॉम्प्सनने हिशोब मांडला की लाकडातली बहुतेक उष्णता भांड्याला लागतच नाही, ती धुराड्यातून आभाळात जाते.

हा हिशोब आपल्या आकड्यांत करून बघू. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायचं तर ४००० किलोकॅलरी लागतात, म्हणजे विजेचे साडेचार युनिटहून थोडे जास्त. वाळलेल्या एक किलो लाकडात साधारण तेवढीच उष्णता असते. म्हणजे कागदावर एका किलोत काम व्हायला हवं. पण उघड्या चुलीत दहातला एकच भाग भांड्यात शिरला, तर दहा किलो सरपण जळतं. ही दहा किलोंची मोळी कुणीतरी डोक्यावरून आणलेली असते, आणि आणणारी बहुतेक वेळा बाईच असते. थॉम्प्सन ज्या प्रश्नाच्या मागे लागला होता तो हा.

त्याचा उपाय होता आग कोंडण्याचा. प्रत्येक भांड्याला विटांनी बांधलेली वेगळी छोटी चूल, खाली जाळी, हवा आत घ्यायला झडप, धूर भांड्याभोवती फिरवून मगच बाहेर सोडायचा. भांडं आगीवर ठेवायचं नाही, आगीत बसवायचं. इटलीतल्या व्हेरोना शहरातल्या दोन इस्पितळांची स्वयंपाकघरं त्याने अशी बदलून दिली. आपल्या बंबाशी ताडून बघा. मधे नळकांडं, त्यात निखारे, खाली जाळी आणि चारी बाजूंनी पाणी. विस्तवाला बाहेर पडायला वाटच नाही, जे काही आहे ते पाण्यातूनच जाणार. बंब रम्फर्डने बनवला असं कुणी म्हणत नाही, पण त्याच्यासमोर एखादा ठेवला असता तर त्याने तो लगेच वजन करून, मोजमाप घेऊन तपासला असता.

म्युनिकमध्ये त्याच्याच पुढाकाराने १७८९ मध्ये एक विस्तीर्ण बाग उभी राहू लागली. इंग्लिश गार्डन या नावाने ती आजही आहे, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कपेक्षा मोठी. १७९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला काउंट ही पदवी मिळाली. नाव निवडायची वेळ आली तेव्हा त्याने निवडलं रम्फर्ड. जिथून जमावाने पळवून लावलं, त्याच गावाचं जुनं नाव. त्यात प्रेम किती आणि खुन्नस किती हे त्याचं त्यालाच ठाऊक. त्याच सुमारास, १७९२ मध्ये, तिकडे कॉनकॉर्डला त्याची बायको वारली.

आता मूळ कोड्याकडे येऊ. पाण्याला ढकलतं कोण?

रम्फर्डच्या डोक्यात एक किरकोळ गोष्ट कित्येक वर्षं घोळत होती. शिजवलेल्या सफरचंदाने त्याचं तोंड वारंवार पोळायचं. बाकीचं जेवण निवलं तरी सफरचंदाचा गर आतून कढतच. गंमत म्हणजे त्या गरात बहुतेक पाणीच असतं. मग नुसतं पाणी लवकर निवतं आणि हे का नाही?

उत्तर त्याला अचानक मिळालं. प्रयोगासाठी त्याने मोठ्या फुग्याचा एक थर्मामीटर बनवला होता, त्यात मद्यार्क भरलेला. तापलेला थर्मामीटर निवायला म्हणून त्याने खिडकीत ठेवला. ऊन नेमकं नळीवर पडलं होतं. आतल्या द्रवात धुळीचे कण होते, ते उन्हात चमकले आणि रम्फर्ड बघतच राहिला. कण स्थिर नव्हते. नळीच्या मधोमध ते वर चढत होते आणि काचेच्या कडेने खाली उतरत होते, अगदी जोरात, अखंड.

म्हणजे निवताना द्रव गप्प बसलेला नसतो. कडेचा भाग थंड होतो, थंड झाला की जड होतो, जड झाला की बुडतो. त्याच्या जागी मधला गरम, हलका भाग वर येतो. उष्णता पाण्यातून चालत जात नाही, पाणी उष्णतेला पाठीवर घेऊन जातं. सफरचंदाच्या गरात तंतू असतात, त्यांनी पाण्याची ही ये-जा अडते, म्हणून तो निवत नाही. खिचडीचा किंवा पिठल्याचा घास तोंड पोळतो तोही याच कारणाने.

तो मग हात धुऊन मागे लागला. एका भांड्याच्या तळाशी बर्फ गोठवून वर गरम पाणी ओतलं, दुसऱ्यात बर्फ पाण्यावर तरंगत ठेवला. पाणी तेवढंच, गरमही तेवढंच. वर तरंगणारा बर्फ तळाच्या बर्फापेक्षा ऐंशीपटीहून अधिक वेगाने वितळला. कारण वरच्या बर्फाने गार झालेलं पाणी खाली बुडून नवं गरम पाणी वर पाठवत होतं. तळाच्या बर्फाजवळचं गार पाणी मात्र तिथेच बसून राहिलं, आणि वरचं गरम पाणी हलकं म्हणून खाली यायचं नाव घेईना. हे सगळं त्याने १७९७ मध्ये प्रसिद्ध केलं. उत्साहाच्या भरात तो एक पाऊल जास्तच पुढे गेला आणि स्थिर पाण्यातून उष्णता मुळीच जात नाही असं ठोकून दिलं. ते चूक होतं. जाते, पण फार हळू. पुढे इतर शास्त्रज्ञांनी ते दाखवून दिलं.

आता गच्चीवर चला. पॅनलमधलं पाणी उन्हाने तापतं, हलकं होतं, वर चढून टाकीत शिरतं. टाकीच्या तळाचं गार पाणी जड असतं, ते पाइपातून उतरून पॅनलच्या खालच्या तोंडाशी येतं. हे चक्र ऊन आहे तोवर चालू. ढकलणारा कुणी नाही, थंड पाण्याचं वजनच गरम पाण्याला उचलतं. पॅनल तांब्याच्या पत्र्याचं असो की काचेच्या नळ्यांचं, कायदा एकच.

आणि हा कायदा कळला की सोलर बसवणाऱ्या मिस्त्रीच्या बऱ्याच गोष्टींचा अर्थ लागतो. टाकी पॅनलच्या वरच कशाला? खाली ठेवली तर हलकं झालेलं पाणी तिच्यात शिरणारच नाही. बरं, पॅनलच्या डोक्याशी चिकटवून न ठेवता साधारण फूटभर उंच का? कारण रात्री पॅनल गार पडतं. पुरेशी उंची नसेल तर चक्र उलटं फिरतं आणि दिवसभर तापवलेलं पाणी रात्रभर पॅनलमधून आभाळाला ऊब देत बसतं. गरम पाण्याचा पाइप वाटेत वर जाऊन पुन्हा खाली वळवला, तर त्या बाकात हवा अडकते आणि फिरणं थांबतं, कारण हा ढकलणारा जोर अगदी नाजूक असतो. टाकीत गार पाणी तळाशी सोडतात आणि गरम पाणी माथ्यावरून घेतात, म्हणजे दोन थर एकमेकांत मिसळत नाहीत. बंबाच्या नरसाळ्याची नळी आत तळापर्यंत का नेलेली असते, त्याचंही उत्तर तेच. थंड पाणी खाली जाऊन बसतं आणि वरच्या गरम पाण्याला तोटीबाहेर ढकलतं.

घरासाठी १०० लिटरला साधारण दोन चौरस मीटरचं पॅनल पुरतं, तोंड दक्षिणेला. अकोले साडेएकोणीस अंश अक्षांशाच्या आसपास आहे. गरम पाणी हवं असतं ते हिवाळ्यात, तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून पॅनल अक्षांशापेक्षा दहा-पंधरा अंश जास्त, म्हणजे तिशीच्या थोडं वर उभं करतात. दहा-बारा खोल्यांच्या लॉजचं गणित वेगळं. तिथे सकाळी दोन तासांत सगळे पाहुणे एकदम अंघोळीला जातात, आणि पॅनलंही एकाहून जास्त लागतात. पाणी आळशी असतं, ते जवळच्या पॅनलमधून फिरतं आणि लांबच्याला विसरतं. म्हणून प्रत्येक पॅनलपर्यंतची जाण्या-येण्याची वाट मिळून सारखीच लांब होईल असे पाइप टाकावे लागतात. टाकी खाली ठेवायची झाली तर मात्र पंपाला पर्याय नाही. आणि घाटघरकडच्या पावसाळ्यात, सूर्य आठवडाच्या आठवडा दिसत नाही तेव्हा, काउंट रम्फर्डही काही करू शकत नाही. तिथे बंबच.

गरम पाणी फिरवून ऊब द्यायची युक्ती रम्फर्डची नव्हे, हेही सांगायला हवं. फ्रान्समध्ये बोनमँ नावाच्या माणसाने १७७७ मध्येच नळ्यांतून गरम पाणी फिरवून कोंबडीची अंडी उबवली होती. ते चालायचं. का चालायचं, हे रम्फर्डच्या धुळीच्या कणांनी दाखवलं.

त्याच काळात त्याने तो प्रसिद्ध तोफेचा प्रयोगही केला. म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांना भोक पाडताना धातू भयानक तापतो हे त्याने पाहिलं होतं. तेव्हा विद्वानांचं मत असं की उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे, वस्तूत साठलेला असतो आणि झिरपून बाहेर येतो. ही कल्पना मांडणाऱ्यांत फ्रान्सचा थोर रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए पुढे होता. रम्फर्डने मुद्दाम बोथट हत्यार घेतलं, तोफेचं तोंड पाण्याच्या पेटीत बुडवलं आणि घोड्यांकडून फिरवायला लावलं. अडीच तासांत पाणी उकळलं. आग नाही, विस्तव नाही, आणि पाणी खळाखळा. घोडे फिरतील तोवर उष्णता निघतच राहिली. साठलेला द्रव असता तर कधीतरी संपला असता की! त्याने अनुमान काढलं की उष्णता ही वस्तू नव्हे, ती हालचाल आहे. हा निबंध १७९८ मध्ये रॉयल सोसायटीत वाचला गेला. जगाला ते पटायला पुढची पन्नासेक वर्षं आणि जूलचे प्रयोग लागले.

मधल्या काळात तो लंडनला जाऊन तिथल्या शेगड्यांच्याही मागे लागला होता. घरोघरच्या भिंतीतल्या शेगड्या धूर खोलीत सोडायच्या आणि ऊब धुराड्यात. रम्फर्डने धुराड्याचा गळा चार इंचांपर्यंत अरुंद केला आणि बाजूच्या भिंती तिरक्या केल्या, म्हणजे ऊब खोलीकडे परतायची. शंभराहून जास्त श्रीमंत घरांनी शेगड्या लगोलग बदलून घेतल्या. जेन ऑस्टिनच्या एका कादंबरीतही रम्फर्डच्या शेगडीचा उल्लेख आहे. याच सुमारास, १७९६ मध्ये, मुलगी सारा अमेरिकेहून त्याला भेटायला आली. तान्ही सोडलेली पोर एकविशीची होऊन समोर उभी राहिली. दोघांचं जमलं असं म्हणता येत नाही, पण ती अधूनमधून त्याच्याकडे राहिली, आणि त्याच्या खासगी आयुष्याबद्दल आज जे कळतं ते बरंचसं तिला लिहिलेल्या पत्रांतूनच.

१७९९ मध्ये त्याने लंडनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनची स्थापना करवली. सामान्य माणसाला, कारागिराला विज्ञान घरच्या उपयोगाचं करून शिकवायचं, हा हेतू. १८०१ मध्ये तिथे हम्फ्री डेव्हीला नोकरीवर घेतलं, आणि पुढे डेव्हीने मायकेल फॅरडेला. वीज तयार करायचं मूळ तत्त्व फॅरडेला याच इमारतीत सापडलं. वाफेच्या नळ्यांनी लांबवर उष्णता नेऊन पाणी कसं तापवायचं, यावरही रम्फर्डने लिहिलं. रंगाऱ्यांच्या आणि साबण करणाऱ्यांच्या कढयांना त्याचा फायदा झाला. आपल्या शोधांचं पेटंट मात्र त्याने कधी घेतलं नाही. चूल कुणीही बांधावी, नकाशा छापलेला आहे.

माणसांशी त्याचं फार काळ कधीच पटलं नाही. रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या मंडळींशी बिनसलं आणि १८०२ मध्ये तो पॅरिसला गेला. तिथे त्याने लग्न केलं ते कुणाशी? मेरी-ॲन लव्हाझिएशी. ज्याचा उष्णताद्रवाचा सिद्धांत त्याने तोफेने उडवला, आणि ज्याचं मुंडकं फ्रेंच क्रांतीने १७९४ मध्ये उडवलं, त्याच लव्हाझिएची विधवा. ती स्वतः विद्वान, नवऱ्याच्या प्रयोगांत बरोबरीने राबलेली. लग्न करताना तिने पहिल्या नवऱ्याचं नाव सोडायला साफ नकार दिला.

हे लग्न टिकलं नाही. तिला माणसांचा राबता हवा, त्याला शांतता. एकदा तिने त्याला न विचारता मोठी पंगत बोलावली. रम्फर्डने फाटकाला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. पाहुणे बाहेर, ती आत, आणि भिंतीवरून बोलणी. नंतर तिने शांतपणे जाऊन त्याच्या लाडक्या फुलझाडांवर उकळतं पाणी ओतलं. गरम पाण्याचा अभ्यास करण्यात हयात घालवलेल्या माणसाच्या संसाराचं हे चित्र. १८०९ मध्ये दोघं वेगळे झाले.

शेवटची वर्षं त्याने पॅरिसजवळच्या ओतेय गावात एकट्याने काढली. हिवाळ्यात तो नखशिखान्त पांढरे कपडे घालून फिरायचा. पांढरा रंग उष्णता कमी बाहेर टाकतो अशी त्याची खात्री होती. लोक हसायचे, त्याला फिकीर नव्हती. कॉफी न उकळता वरून गरम पाणी गाळत करायचं भांडंही त्याने बनवलं.

२१ ऑगस्ट १८१४ रोजी तो वारला. ज्या हार्वर्डच्या व्याख्यानांना तो चालत जायचा, त्या हार्वर्डला त्याने उपयोगी विज्ञान शिकवण्यासाठी पैसा ठेवला. ज्या देशाविरुद्ध हेरगिरी केली, त्याच देशातल्या अकादमीला पदकासाठी आधीच देणगी दिली होती. तसंच पदक लंडनच्या रॉयल सोसायटीकडूनही आजवर दिलं जातं.

त्याच्या मागे त्याचे धागे कुठे कुठे निघाले ते पाहण्यासारखं आहे. १८७० च्या दशकात मुंबईत हायकोर्टाचा उपनिबंधक असलेल्या विल्यम ॲडम्सने कुलाब्यात सपाट आरशांची रांग मांडली, सूर्याचं ऊन एका बॉयलरवर पाडलं आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवून दाखवला. लाकूड आणि कोळसा महाग असलेल्या उष्ण देशांत सूर्य हेच इंधन, असं सांगणारं पुस्तक त्याने १८७८ मध्ये लिहिलं. भारतातल्या सौरऊर्जेच्या पहिल्या जाहीर प्रयोगांपैकी हा एक, आणि तोही मुंबईत. पुढे १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेलीने पॅनल खाली आणि उष्णता कोंडणारी टाकी वर अशी जोडणी विकायला सुरुवात केली. आज अकोल्याच्या गच्चीवर दिसते ती तीच जोडणी.

मुलगी सारा काउंटेस रम्फर्ड हे नाव लावून कॉनकॉर्डला परतली, आईच्या घरात राहिली. तिने लग्न केलं नाही. १८५२ मध्ये ती गेली, तेव्हा ते घर आणि पैसा तिने गावातल्या अनाथ मुलींच्या आश्रमासाठी ठेवला होता.